मुक्या आश्रिताचे देणे

घराने आपलेसे केलेल्या मुक्या जनावराचे म्हातारपण आणि आजारपण आपण किती मनावर घ्यावे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडला नसावा. त्यांच्या काळी घरात मांजर असे ते भाताच्या कणगीला उंदीर लागू नयेत म्हणून. ते ओटीवर निजे, मासळी साफ करताना टाकलेल्या डोक्या-शेपट्यांवर पोसले जाई आणि एके दिवशी दिसेनासे होई. मांजर मरायला घराबाहेर जाते, असे मोठी माणसे सांगत आणि विषय तेथेच संपे. आज आपली घरे बदलली आहेत. कणग्या गेल्या, मांजर मात्र राहिले. त्याला वेळेवर खाणे मिळते, रोगप्रतिबंधक लस मिळते, म्हणून ते पंधरा-सोळा वर्षेही जगते. त्याच्या रक्ताची तपासणी होते आणि आजाराला नाव मिळते. आजाराला नाव मिळाले, की त्याच्यासोबत एक कर्तव्यही दाराशी येऊन उभे राहते. ते खरोखर कर्तव्य आहे, की सुखवस्तू घराची केवळ हौस, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्ही केवळ चर्चेसाठी उपस्थित केलेला नाही. आमच्या घरी सोळा वर्षांचे मांजर आहे आणि गेली दोन वर्षे त्याची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली आहेत. धर्मग्रामात गोरगरिबांच्या मदतीचे काम पाहणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी, मनात कोणताही कडवटपणा न ठेवता, आम्हांस विचारले, “तुमच्या मांजराच्या महिन्याच्या औषधपाण्यात आमच्या यादीतल्या एखाद्या विधवेचा किराणा भरेल. प्रभूसमोर याचा हिशेब कसा द्याल?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा आधारही आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी चार परिच्छेद आहेत, २४१५ ते २४१८. चोरी करू नकोस, या सातव्या आज्ञेच्या विवेचनात ते आले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून त्यांना ममतेने वागवणे हे माणसाचे देणे आहे, असे तेथे सांगितले आहे. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही म्हटले आहे. परंतु त्याच परिच्छेदात पुढे दोन इशारे आहेत. माणसांच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा अग्रक्रमाने जावयास हवा, तो प्राण्यांवर खर्च करणे उचित नाही, हा पहिला. प्राण्यांवर प्रेम करावे, पण केवळ माणसांनाच देय असलेली माया त्यांच्याकडे वळवू नये, हा दुसरा. म्हणजे त्या गृहस्थांच्या प्रश्नात आणि या ग्रंथात अंतर फारसे नाही. उत्तर शोधावयाचे तर ते दोन्ही इशारे पुरते मान्य करूनच शोधले पाहिजे.

त्याआधी ही सेवा म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसू लागते, तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे तीनचतुर्थांश शक्ती आधीच गेलेली असते. लघवी घट्ट करण्याचे सामर्थ्य उरत नाही. त्यामुळे मांजर वारंवार पाणी पिते, वारंवार लघवी करते, तरीही त्याचे शरीर कोरडे पडत जाते. रक्तात साठणाऱ्या द्रव्यांमुळे त्याला मळमळते, भूक मंदावते, वजन उतरते. हा विकार बरा होत नाही, फक्त आवरता येतो.

तो आवरण्याचे उपाय बव्हंशी स्वयंपाकघरातलेच आहेत. कोरड्या खाण्याऐवजी ओले अन्न द्यावे, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे, एकदम न वाढता दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. अन्न किंचित कोमट केले म्हणजे त्याचा वास सुटतो, आणि मांजराची भूक वासाने चाळवते. हाडे आणि माशांची डोकी यांत फॉस्फरस पुष्कळ असल्याने ती बंद करावी लागतात. खारवलेली सुकी मासळीही बंद. डॉक्टर सांगतील तसे दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सलाईन द्यावे लागते. कडू औषध आवडत्या मासळीत लपवून देणे बरे नव्हे. त्या कडूपणाची आठवण मासळीशी जोडली गेली, तर मांजर ती मासळीच सोडून देते. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून पथ्याचे अन्न ते मुळीच खात नसेल, तर पथ्याबाहेरचे का होईना, पण काहीतरी त्याच्या पोटात जाणे अधिक महत्त्वाचे, असे पशुवैद्य सांगतात. आपण तापासाठी सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मात्र मांजराला विषासमान आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे मांजराला दूधभात घालण्याची चाल आहे आणि त्यामागे मायाच असते. परंतु अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि भातावर तर कोणतेच मांजर जगू शकत नाही. ते जन्मजात मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय अधू होते. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपल्या घरी मांस शिजत नाही, गुड फ्रायडेला आपण उपवास करतो. त्या दिवशीही मांजराचे ताट नेहमीच्या वेळी नेहमीचेच असावयास हवे. आपले व्रत त्याच्यावर लादण्यात पुण्य नाही. ज्याची सेवा करावयाची, त्याचा स्वभाव आणि त्याची गरज आधी जाणून घेणे, ही सेवेची पहिली पायरी होय. आपल्याला काय द्यावेसे वाटते, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. असे देणे आपल्यावर लागू होते ते कशामुळे? मांजर उपयोगी आहे म्हणून नव्हे. म्हातारे, आजारी मांजर उंदीर धरत नाही. त्याच्या प्रेमामुळे म्हणावे, तर मळमळणारे मांजर कोपऱ्यात तोंड फिरवून बसते आणि औषध देणाऱ्या हाताला ओरबाडते. आमच्या मते हे देणे उत्पन्न होते ते आश्रयातून. आपण त्याला घरात घेतले, दार लावून घेतले, शिकारीची आणि भटकण्याची वाट बंद केली. तेव्हापासून त्याच्या पोटाची वाट केवळ आपल्या हातून जाते. ज्याला आपण परावलंबी केले, त्याला नंतर परके म्हणता येत नाही. आपल्या देशाचा १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही पाळलेल्या जनावराला अन्नपाणी न देणे आणि वाजवी कारणाशिवाय त्याला सोडून देणे हा गुन्हा मानतो. कायद्याने लहानात लहान मर्यादा आखली. विवेकबुद्धीला त्याच्या थोडे पुढे जावे लागते.

पवित्र शास्त्रात घरचे मांजर सहसा भेटत नाही. बारूखच्या सहाव्या अध्यायात निर्जीव मूर्तींवर येऊन बसणाऱ्या पाखरांसोबत त्याचा ओझरता उल्लेख येतो, इतकेच. परंतु आश्रित जनावरे तेथे पुष्कळ आहेत. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा देवदूताबरोबर घरचा कुत्राही निघतो. दावीद राजाला त्याचे पाप दाखवून देण्यासाठी नाथान संदेष्टा एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्या गरिबाची एकुलती एक कोकरी त्याच्या मुलांत वाढलेली, त्याच्या ताटात जेवणारी आणि त्याच्या कुशीत झोपणारी होती. गरीब माणूस जनावरावर इतका जीव का लावतो, हे नाथानाला समजावून सांगावे लागले नाही आणि राजालाही ते विचारावे लागले नाही.

मात्र आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. अठरा वर्षे कंबरेतून वाकलेल्या स्त्रीला प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. त्यावर प्रभू त्याला जे विचारतो त्याचा आशय असा, की तुम्ही शब्बाथ दिवशीही आपला बैल आणि गाढव दावणीचे सोडून पाण्यावर नेता ना; मग आब्राहामाच्या या लेकीला आजच मोकळे करू नये काय? या युक्तिवादाची दिशा पाहावी. स्त्री अधिक मोलाची आहे, तेव्हा बैलाला तहानलेला ठेवा, असे प्रभू म्हणत नाही. जनावराची तहान उद्यावर ढकलता येत नाही, हे तो गृहीत धरतो आणि त्याच पायरीवर उभा राहून वरच्या पायरीकडे बोट दाखवतो. बैलाला पाणी पाजता ते ठीकच. मग तिच्यासाठी कितीतरी अधिक करावयास हवे. येथे दयेची वजाबाकी केलेली नाही. लहान दयेवरून मोठ्या दयेची जबाबदारी सिद्ध केली आहे.

ही वृत्ती मराठी मनालाही परकी नाही. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपल्या धर्मशिक्षणग्रंथाने प्राण्यांशी मायेने वागणारे म्हणून असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यासोबत संत फिलिप नेरी यांचे नाव घेतले आहे. १५१५ ते १५९५ या काळात हयात असलेले, रोममधील हे संत १५८३ साली आपले जुने निवासस्थान सोडून वालिचेल्ला येथील नव्या चर्चकडे राहावयास गेले, तेव्हा त्यांचे मांजर जुन्या जागीच राहिले. त्याला खाऊ घालण्यासाठी ते आपल्या शिष्यांना तेथे पाठवीत आणि परतल्यावर मांजर नीट जेवले का, याची चौकशी करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिष्यांना नम्रता शिकवावी, हाही त्यात हेतू होता. कोणी पाहत नाही आणि नावलौकिकही मिळत नाही, अशा कामात ती नम्रता त्यांना सापडावी, अशी त्यांची योजना असावी.

आता पैशाचा मुद्दा. त्याला एक सोपे उत्तर आहे आणि ते पुष्कळ वेळा दिले जाते. लग्नातील बँडवर, रोषणाईवर, दर दोन वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या मोबाइलवर खर्च होतो, तेव्हा विधवेच्या किराण्याची आठवण कोणी देत नाही. मग मांजराच्या औषधावरच बोट का? या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. दुसऱ्याच्या उधळपट्टीने आपला खर्च न्याय्य ठरत नाही. आमच्या मते खरा प्रश्न असा, की मांजराचा पैसा कोणाच्या वाट्यातून जातो. तो गरिबाच्या वाट्यातून जात असेल, म्हणजे मांजर आजारी पडल्यापासून आपली दानपेटीतील रक्कम घटली असेल, तर सातवी आज्ञा आपल्याला लागू पडते. तो आपल्या सुखसोयींच्या वाट्यातून जात असेल, तर प्रश्न निराळा होतो. आमच्या घरी त्या गृहस्थांच्या बोलण्यानंतर एक रीत सुरू झाली. महिनाअखेर मांजरावर जितका खर्च झाला असेल, तितकीच रक्कम त्यांच्या मदतनिधीत जाते आणि ती नेहमीच्या दानाखेरीज असते. ही काही परवानगीची किंमत नव्हे. प्रभूच्या त्या युक्तिवादाचा हिशेब मांडण्याची ही एक साधी पद्धत आहे, इतकेच. बैलाला पाणी पाजले, तर वाकलेल्या स्त्रीकडे पाहावेच लागते.

या रीतीतून मर्यादाही आपोआप कळते. जो उपचार केला असता तितकीच रक्कम गरिबाला देणे आपल्याला शक्य नाही, तो उपचार बहुधा आपल्या ऐपतीबाहेरचाच असतो. हातावर पोट असलेल्या घराने मांजरासाठी कर्ज काढावे, असे आम्ही म्हणणार नाही. अशा घराने स्वच्छ पाणी, पोटाला सोसेल असे अन्न, ऊबदार कोपरा आणि ममतेचा हात दिला, तरी देणे फिटले. नाहीतरी या सेवेत पैशापेक्षा वेळ आणि लक्षच अधिक लागते.

दुसरा इशारा मायेविषयीचा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचा बारकाईने विचार केला आहे. परमेश्वराच्या सहवासात भागीदार होण्याचे जे सख्य, ते माणसामाणसांत असते. जनावराशी तशा अर्थाने सख्य होऊ शकत नाही. पण परमेश्वराच्या गौरवासाठी आणि माणसांच्या हितासाठी त्यांचे रक्षण व्हावे असे इच्छिणे, हेही प्रीतीचेच रूप आहे, असे ते मानतात. आज मांजराला ‘बाळ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. शब्दावरून भांडण्याचे कारण नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला तो शब्द वापरून चार घटका बरे वाटत असेल, तर वाटू द्यावे. आणि तिच्या तोंडी हा शब्द जावईबापू, सून, शेजारी यांच्याऐवजी का आला, हे आपण स्वतःला विचारावे. पण ज्या घरात मांजराच्या अन्नाचे वजन रोज काट्यावर होते आणि आतल्या खोलीत आजीची रक्तदाबाची गोळी दोन दिवस डबीत तशीच राहते, त्या घरात माया वाट चुकली आहे. मांजराला हवे असते तेच आजीलाही हवे असते, आणि त्याहून किती तरी अधिक. तिला कोमट, मऊ, थोडेथोडे अन्न हवे असते. न रागावता थांबणारा माणूस हवा असतो. शिवाय कोणीतरी आपले बोलणे ऐकावे, असे तिला वाटते. मांजराच्या सेवेत शिकलेला धीर त्या खोलीपर्यंत पोहोचत नसेल, तर तो धीर नसून केवळ करमणूक होय.

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न थांबण्याचा आहे. खाऊ घालणे आणि कोंबणे यांत अंतर आहे. एखादा दिवस भूक नसलेल्या मांजराला बोटावर घास देऊन गोडीने खाऊ घालणे ही सेवा झाली. आठवडेच्या आठवडे तोंड उघडून सुईविरहित सिरिंजने अन्न ढकलत राहणे, आणि ते आपली चाहूल लागताच पलंगाखाली दडू लागणे, हे निराळे. तेव्हा स्वतःला विचारावे लागते, की हा घास त्याच्यासाठी आहे, की निरोप घेण्याचा क्षण लांबावा म्हणून आपल्यासाठी? मांजर आपले दुखणे लपवते. म्हणून त्याचे जगणे लहानसहान खुणांवरून वाचावे लागते. ते अंग चाटून स्वच्छ ठेवते का, नेहमीच्या उन्हाच्या जागी जाऊन बसते का, हाकेला कान टवकारते का? या खुणा एकेक करून विझत गेल्या, की उपचाराचे ओझे त्याच्या लाभापेक्षा जड होऊ लागले, असे समजावे.

येथे माणूस आणि जनावर यांच्यातील भेद पुसट होऊ देता कामा नये. माणूस आपल्या दुःखाला अर्थ देऊ शकतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ सालच्या ‘साल्विफिची दोलोरिस’ या पत्रात याच विषयाचे चिंतन केले आहे: श्रद्धावान माणूस आपली वेदना ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडू शकतो. मांजराला तसे करता येत नाही. उद्या बरे वाटेल, ही आशा त्याला समजावून सांगता येत नाही आणि आजची सुई कशासाठी, हेही त्याला कळत नाही. त्याच्यापाशी फक्त आजचा दिवस आहे. म्हणून तो दिवस त्याला सोसवेल असा ठेवणे, इतकेच आपल्या हाती असते. तसा तो ठेवता येत नसेल, तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित शेवट होऊ देण्यास ख्रिस्तसभा मनाई करीत नाही. मात्र या दयेचा दाखला माणसाच्या बाबतीत कोणी देऊ नये. १९९५ सालच्या ‘एवांजेलियुम विते’ या विश्वपत्राने माणसाचे दयामरण हे परमेश्वराच्या आज्ञेचे गंभीर उल्लंघन ठरवले आहे. माणूस परमेश्वराच्या प्रतिरूपात घडलेला आहे आणि त्याचे आयुष्य आपल्या ताब्यात दिलेले नाही. मांजर आपल्या स्वाधीन केलेले आहे आणि म्हणूनच त्याचा शेवट कसा व्हावा, याचीही जबाबदारी आपल्यावर येते. ती टाळण्यासाठी त्याला पिशवीत घालून बाजारात सोडून येणे हे सर्वांत वाईट.

ज्या कुटुंबात असे आजारी जनावर आहे, त्यांनी ही सेवा मुलांपासून लपवू नये, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. पाण्याची वाटी रोज धुण्याचे काम मुलांकडे द्यावे. जे आता काहीही परत देऊ शकत नाही, त्याला वेळेवर खाऊ घालावे लागते, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगून जितकी कळत नाही, तितकी त्या वाटीने कळते. उद्या घरातील मोठ्यांचे हात थरथरू लागतील, घास तोंडापर्यंत पोहोचण्याआधी सांडू लागेल. त्या दिवशी शेजारी कोणी न रागावता बसावे, असे आपणा सर्वांनाच वाटणार आहे. ती सवय घराला आधीपासून असलेली बरी.